पांढऱ्या घोड्याची रेकॉर्ड

मित्रांनो, हल्ली मला कोणी हातात घेतलं की आधी विचारतं, "हे काय आहे?" तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखी वस्तू फक्त चित्रात पाहिली असेल. म्हणून आधी ओळख करून देते. मी गाण्यांची जुनी रेकॉर्ड आहे. जेवणाच्या ताटाएवढी, काळी, मधोमध भोक असलेली. माझ्या दोन्ही अंगांवर केसासारखी बारीक खाच आहे. ती कडेपासून निघते आणि गोल गोल फिरत मध्यापर्यंत जाते. तिच्यावर सुई टेकवली आणि मला फिरवलं, की चार विलायती तरुण गाऊ लागतात. माझ्यात त्यांची आठ गाणी आहेत. त्यापलीकडे माझ्यात काही नाही.

माझा जन्म कोलकात्याजवळच्या एका कारखान्यात झाला. गाणी झाली होती सातासमुद्रापलीकडे, त्यांचा साचा तेवढा इकडे आला होता. मऊ काळा गोळा दोन साच्यांच्या मध्ये ठेवून गरम वाफेवर दाबला आणि आठही गाणी पाठ झालेली मी बाहेर पडले. मग मला एका देखण्या कव्हरमध्ये घातलं. पाणी आटलेला मोठा पोहण्याचा तलाव आणि त्याच्या तळाशी उभा असलेला एक पांढरा घोडा, असं चित्र त्यावर होतं. घोडा तिथे कसा उतरला, आणि आता वर कसा येणार, ते चित्रावरून कळत नसे.

तिथून मी औरंगाबादला आले. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात तेच हे शहर. पैठण गेटजवळच्या एका दुकानात कव्वाल्यांच्या आणि सिनेमाच्या रेकॉर्डमागे मी कितीतरी दिवस धूळ खात उभी होते. एके दिवशी एक काटकुळा मुलगा आला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. त्याने घोड्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"ले जाव मियाँ," दुकानदार चाचा म्हणाले. "कब से पडी है, कोई नै पूछता."

हा म्हणजे करमाडच्या अप्पारावांचा मुलगा, राजकुमार. घरची शेती होती, मुलगा हुशार निघाला म्हणून इंजिनिअरिंगला आला होता. हॉस्टेलमधली मुंबई-पुण्याची मुलं त्याच्या इंग्रजीची नक्कल करून हसायची. ती सगळी सिनेमाला गेली की तो खोलीमित्राच्या रेकॉर्ड प्लेअरवर मला लावायचा. गाण्यातले निम्मे शब्द त्याला समजत नव्हते. पण माझ्या दुसऱ्या बाजूला तिसरं गाणं आहे, संथ. त्यात गिटार एकाच जागी गोल गोल फिरत राहते आणि गाणारा मुलगा जवळजवळ कुजबुजत गातो. ते पहिल्यांदा लागलं तेव्हा राजकुमारने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो खूप रडला. रडून झाल्यावर त्याने ते पुन्हा लावलं. मित्रांनो, मी खोटं सांगणार नाही. त्या माणसाचं माझ्यावर खरं प्रेम होतं.

पुढे त्याला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. त्याने स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर घेतला, दोन मोठे स्पीकर घेतले, मला पुसायला मखमलीचा एक तुकडा आणला. मला तो नेहमी दोन तळव्यांमध्ये, कडेने धरायचा. बोटाचा एक ठसा माझ्यावर उमटू द्यायचा नाही. अप्पाराव एकदा गावाकडून आले होते. थोडा वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, "हे काय लावलंय रं? मोटार जळाल्यावानी आवाज येतोय."

"अप्पा, संगीत आहे हे."

"असंल बाबा." गाणी संपल्यावर म्हाताऱ्याने कौतुकाने माझ्यावरून हात फिरवला. राजकुमारने तो हात झटकला. "बोटं लावू नका. घाण लागते." मग त्याने मखमलीने मला स्वच्छ पुसलं. अप्पाराव आपला तळवा उलटा-सुलटा करून बघत राहिले. मला त्या वेळी फार अभिमान वाटला. एवढं जपणारा धनी मिळाला, याहून रेकॉर्डला आणखी काय हवं?

मग सरिता आली. देवगाव रंगारीची, बारावी शिकलेली, रेडिओवरची भावगीतं तोंडपाठ असलेली. गारखेड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी राजकुमारने तिला माझ्यासमोर बसवलं.

"हे ऐक. इथं ड्रम थांबतो बघ. आता नुसती गिटार."

ती खाली मान घालून ऐकत होती. नवऱ्याचा आनंद तिला दिसत होता, गाणं मात्र अजून कानाबाहेरच होतं. पण दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं लागलं तेव्हा तिने मान वर केली.

"हे जात्यासारखं आहे," ती म्हणाली. "माझी आजी पहाटे दळायची, तेव्हा असंच गोल गोल ऐकू यायचं. आणि ती पण असंच म्हणायची, तोंडातल्या तोंडात."

राजकुमार तिच्याकडे बघतच राहिला. त्याला इतकं आवडलं ते, की त्या दिवसापासून त्या गाण्याचं नाव जात्याचं गाणं पडलं. त्याने तिला सुई टेकवायला शिकवलं. पुढचं एक वर्ष आम्हा तिघांचं फार सुखात गेलं.

ते सुख असं गेलं. एका संध्याकाळी कारखान्यातले साहेब लोक घरी आले होते. मी वाजत होते. जात्याचं गाणं लागलं आणि राजकुमार हसत हसत म्हणाला, "आमच्या बाईसाहेबांना यात काय ऐकू येतं माहितीये? जातं. त्यांची आजी दळत बसलेली दिसते त्यांना." सगळे हसले. एकाने विचारलं, "मग वहिनी, ज्वारी का बाजरी?" सगळे पुन्हा हसले. सरिता भज्यांची थाळी घेऊन उभी होती. तीही हसली, कारण सगळे हसत असताना दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही असं नव्हतं सांगायला पाहिजे." एवढंच.

त्याने मला पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं, मी तेव्हा वाजतच होते. राजकुमारने तिला मारलं. ती ओरडली, तेव्हा पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं चालू होतं. माझ्यातलं सर्वांत दणदणीत गाणं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या केसरबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काल लई गाणीबजावणी चालली व्हती साहेबांकडं." त्यांना गाणीच ऐकू आली होती. राजकुमार दात घासत दारात उभा होता. त्याने ते ऐकलं. त्याच्या डोक्यात काय आलं ते मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या वेळी कळलं.

पुढच्या वेळी त्याने आधी मला बाहेर काढलं. दोन तळव्यांमध्ये, कडेने. मखमलीने एक बाजू पुसली, मग दुसरी. प्लेअरवर ठेवलं. खिडकी लावली. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि सुई इतक्या हळुवारपणे टेकवली, की जराही खरखर झाली नाही. मग तो सरिताकडे वळला.

मित्रांनो, त्यानंतर असं किती वेळा झालं याचा हिशेब मी ठेवलेला नाही. कधी भाजीत मीठ जास्त असायचं, कधी शर्टाची इस्त्री बिघडलेली. कधी कारखान्यात दुसऱ्याला बढती मिळालेली असायची. आधी ती रागाची मारहाण होती. पुढे तो न रागावताही मला बाहेर काढू लागला. सरिताला मखमलीचा तुकडा दिसला तरी ती हातातलं काम खाली ठेवायची, कारण भांडं हातात असताना मार बसला तर भांडं पडतं आणि त्याचाही वेगळा मार असतो. ज्या घरात मी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येणारी गोड गाणी म्हणून आले होते, त्याच घरात मी झाकण झाले. भांड्यावर घालतात तसं.

त्यांना एक मुलगी झाली. तिचं नाव प्रेरणा. ती चालू-बोलू लागली तशी सरिताने एक सवय लावून घेतली. राजकुमार कपाटाकडे गेला की ती मुलीला म्हणायची, "जा, केसरकाकूंच्या गच्चीवर खेळ. मी हाक मारेपर्यंत येऊ नको." प्रेरणा उड्या मारत जायची. केसरबाईंच्या गच्चीवर माझी गाणी छान ऐकू यायची. प्रेरणा तिथे गोल गोल फिरून नाचायची आणि काकूंना सांगायची, "आमच्या पप्पांची गाणी आहेत." तिला आठही गाणी पाठ झाली. तिच्या लेखी पप्पा आनंदात असले की मी वाजायचे, आणि मी वाजले की तिला खेळायला सोडायचे.

केसरबाईंना पुढे कधीतरी कळलं. कळलं असणारच, कारण एकदा त्या सरिताच्या दंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "सरिता, साहेबांना सांग ना आवाज जरा कमी ठेवायला. माझ्या सासूची झोप मोडती." सरिता म्हणाली, "सांगते." दोघींनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढे कॅसेट आल्या, मग सीडी आल्या. माझ्या प्लेअरचा पट्टा तुटला आणि तो दुरुस्त करणारं दुकानच बंद झालं. राजकुमारने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून माळ्यावर ठेवलं. मला वाटलं, सुटलो आम्ही. पण खालचा आवाज बंद झाला नाही. फक्त तो आता दुसऱ्यांच्या गाण्यांखाली जाऊ लागला, आणि शेवटी शेवटी टीव्हीवरच्या बातम्यांखाली. प्रेरणा पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली, लग्न केलं. राजकुमार निवृत्त झाला. गारखेड्यातलं घर दुमजली झालं. मी पिशवीत होते.

गेल्या वर्षी आंघोळ करताना राजकुमारला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समोरचं सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणाले, पण बोलता येत नाही. सरिता त्याला भरवते, पुसते, कूस बदलते. हे सगळं ती तोंडातून एक शब्द न काढता करते. येणारे-जाणारे म्हणतात, बाईने नवऱ्याचं किती केलं.

व्यायाम करून घ्यायला मोनिका नावाची मुलगी येते. दिवाळीनंतर प्रेरणा आठवड्याची रजा काढून आली होती, तेव्हा मोनिकाने विचारलं, "काकू, काकांना कशाची आवड होती? भजन, क्रिकेट, गाणी? आवडीचं कानावर पडलं की कधीकधी फरक पडतो."

"काही नव्हती आवड," सरिता म्हणाली.

"काय सांगतेस, आई?" प्रेरणा उठून उभीच राहिली. "पप्पांची घोड्याची रेकॉर्ड. आहे ना अजून?"

"नसेल. भंगारात गेली असेल."

प्रेरणाने शिडी लावली आणि मला शोधून काढलं. पिशवी उघडून तिने घोड्याचं चित्र छातीशी धरलं. हल्ली माझ्या जातीच्या रेकॉर्डला पुन्हा मागणी आली आहे म्हणे. दोन दिवसांत नवा कोरा प्लेअर घरपोच आला. तो यायची वाट बघता बघता तिने आईला फोनवरचं एक लिखाण वाचून दाखवलं. ते तिनेच माझ्यावर लिहिलं होतं, वडिलांच्या वाढदिवसाला. खूप लोकांनी वाचलं होतं ते, अनोळखी माणसांनी आपापल्या वडिलांच्या आठवणी खाली लिहिल्या होत्या.

लिखाण फार सुंदर होतं, मित्रांनो. कोणत्याही रेकॉर्डला आपल्याविषयी असं वाचून धन्य वाटावं. पुण्याच्या हॉस्टेलवर एकटं वाटायचं तेव्हा ती फोनवर हीच गाणी लावायची. पहिल्या नोकरीतून काढलं तेव्हा लावली, पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हाही लावली. डोळे मिटले की गच्ची दिसायची, आणि घरात कुठेतरी पप्पा आनंदात आहेत असं वाटायचं. सरिता मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"शेवट ऐक," प्रेरणा म्हणाली आणि तिने वाचलं: "फोनवर ती आठही गाणी मिळतात, पण एक गोष्ट मिळत नाही. आमच्या रेकॉर्डमध्ये दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, गिटारच्या खूप मागून, एका बाईचा आवाज यायचा. लांबून कोणीतरी आऽऽ करून आळवावं तसा. तो आवाज ऐकला की माझ्या अंगावर शहारा यायचा. मी किती ठिकाणी शोधला, पण ती बाई फक्त आमच्याच रेकॉर्डमध्ये होती."

सरिताच्या हातातली शेंग तशीच राहिली. थोड्या वेळाने तिने ती सोलली.

त्या दुपारी प्रेरणाने राजकुमारच्या पलंगाशेजारी प्लेअर मांडला आणि मला लावलं. पहिला सूर निघाला आणि सरिताने चपला घातल्या. "दूध बघून येते," म्हणाली. दूध सकाळीच आलं होतं. मला खिडकीतून ती दिसत होती. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कुंपणाला पाठ लावून ती उभी होती. पहिली बाजू संपून दुसरी लागली तरी ती तिथेच होती. राजकुमारचा डावा हात चादरीवर उघड-मीट करत होता. "पप्पा ठेका धरतायत," प्रेरणा मोनिकाला म्हणाली.

तिसरं गाणं लागलं. प्रेरणा माझ्यावर वाकली. डोळे मिटून वाट बघत राहिली. गिटार फिरली, मुलगा कुजबुजला, गाणं संपलं. तिने सुई उचलून ते पुन्हा लावलं. मग तिसऱ्यांदा. मी माझ्याजवळ होतं ते सगळं दिलं. जे माझ्यात नव्हतंच ते मी कुठून देणार?

सरिता आत आली तेव्हा प्रेरणा तिच्या मागे स्वयंपाकघरात गेली. दार उघडं होतं.

"आई, या गाण्यात मागं एक बाई आळवायची ना गं? मला नीट आठवतंय. आता नाहीये ती."

सरिता ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता. तिने नळ बंद केला.

"ती मी होते," ती म्हणाली.

"म्हणजे? तू म्हणायचीस बरोबर?"

"म्हणत नव्हते. तुझे पप्पा मारायचे मला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गाणी लावायचे. तू गच्चीवर असायचीस."

मग प्रेरणाचा आवाज आला, बारीक. "एकदा?"

"गाणी लागायची तेव्हा तेव्हा."

मित्रांनो, या ठिकाणी मला वाटलं होतं की आता मुलगी आईला मिठी मारेल. इतकी वर्षं सुईखाली काढल्यावर माणसांविषयी मला थोडंफार कळतं असा माझा समज होता.

"हे तू मला आत्ता का सांगतेस?" प्रेरणा म्हणाली. "त्यांना आता बोलतासुद्धा येत नाही. त्यांची बाजू कोण सांगणार?"

"बाजू?"

"मला त्यांचं एवढंच चांगलं आठवतं, आई. एवढं एकच. ते पण काढून घेतेस?"

"तू विचारलंस."

"मग खोटं सांगायचं होतंस. इतकी वर्षं सांगितलंस ना?" ती रडत होती, पण थांबत नव्हती. "आणि एवढं होतं तर निघून का नाही गेलीस? मला घेऊन? तुझं त्यांच्याशी कधी जमलंच नाही. त्यांना काय आवडतं ते तुला कधी कळलंच नाही. त्या गाण्यात तुला जातं ऐकू यायचं, पप्पा सगळ्यांना सांगायचे."

सरिताने ओट्यावरचं पातेलं उचललं, पुसलं आणि फडताळात ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. देवगावची बोली तिच्या तोंडी या शहरात मी पहिल्यांदाच ऐकली. "जातंच ऐकू यायचं मला."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, आता प्रेरणा मला फोडेल, निदान माळ्यावर तरी टाकेल. ती सकाळभर बाथरूममध्ये होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण केस नीट विंचरलेले होते. दुपारी मोनिका यायच्या वेळेला तिने मला प्लेअरवर ठेवलं. माझी पहिली बाजू वाजली. राजकुमार छताकडे बघत होता.

दुसरी बाजू लागायच्या वेळी सरिता आत आली. या वेळी तिने चपला घातल्या नव्हत्या. तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत आणली आणि पलंगाला लावून ठेवली. नवऱ्याच्या तोंडासमोर तोंड येईल अशी ती बसली. राजकुमारने डोळे मिटून घेतले.

"डोळे उघडा," सरिता म्हणाली. वर्षभरात ती त्याच्याशी बोललेले हे पहिले शब्द होते. "ऐका. आवडीचं आहे तुमच्या."

त्याने डोळे उघडले. मोनिका खुशीत प्रेरणाला म्हणाली, "बघा, रिस्पॉन्स देतायत." प्रेरणा दारात उभी होती. तिने फोन उचलून शूटिंग सुरू केलं.

पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसरं लागलं. गिटार गोल गोल फिरू लागली. सरिता पुढे वाकली आणि राजकुमारच्या कानाशी तोंड नेऊन, कुजबुजणाऱ्या त्या मुलाच्या मागून, तिने आवाज काढला. मोठा नाही. आऽऽ, लांब, सपाट, कसलाही चढउतार नसलेला. दाढ काढताना डॉक्टरला दाखवायला माणूस आ करतो आणि त्यातून चुकून आवाज निघतो, तसा. पण जागा अचूक होती. तिथेच, तेवढाच. श्वास संपला की ती थांबली, आणि पुढच्या फेऱ्याला पुन्हा सुरू झाली.

राजकुमारने मान वळवायचा प्रयत्न केला. त्याची मान एकाच बाजूला वळते, आणि त्या बाजूला सरिता होती. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डावा हात तिला ढकलायला उठला. तिने तो हातात घेतला, आजाऱ्याचा घेतात तसा हलकेच, आणि चादरीवर ठेवून धरला. गाणं संपेपर्यंत तिने तो सोडला नाही.

मोनिकाचेही डोळे भरून आले होते. "काकू गाताहेत," ती प्रेरणाला म्हणाली. "किती गोड."

प्रेरणाने तो आवाज ओळखला होता. हे मी खात्रीने सांगते, कारण तिच्या दंडांवर काटा आलेला मी पाहिला, लहानपणी यायचा तसाच असणार. पण फोन तिने खाली घेतला नाही.

संध्याकाळी तिने ते शूटिंग तिच्या लिखाणाखाली टाकलं. आधी ती सोफ्यावर बसून बराच वेळ त्यावर काम करत होती. सरिता वाकते तिथपासून सरळ बसते तिथपर्यंतचा तुकडा तिने कापला. उरलं ते असं: गाणं वाजतंय, शेजारी बायको हात धरून बसली आहे आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहतंय. वर तिने लिहिलं, "पप्पांना गाणं ओळखू आलं." लोकांनी हात जोडले, लाल बदाम पाठवले. केसरबाईंच्या सुनेने सासूला दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, "साहेबांना गाण्याचा नाद पहिल्यापासूनच."

रजा संपली आणि प्रेरणा पुण्याला निघाली. दारात ती आईच्या पाया पडली. "आई, रोज लावशील ना? मोनिका म्हणते फरक पडतोय."

"लावीन," सरिता म्हणाली. "रोज लावीन."

आणि ती रोज लावते. चार वाजले की राजकुमार दाराकडे बघायला लागतो. ती हात धुऊन, पुसून येते. मला कव्हरमधून काढते. दोन तळव्यांमध्ये, कडेने धरते. मोनिकाला ती सांगते, "तू म्हणालीस तसं सगळं करते." खुर्ची ओढल्याचा आवाज येतो. त्या माणसाने जे केलं ते मी पाहिलं आहे, त्यामुळे त्याची दया करायला मी कोणाला सांगणार नाही. पण मी सरितालाही पाहते. पहिल्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, राग असेल, किंवा सुख असेल. आता काहीच नसतं. दळण दळावं तशी ती येते, बसते, आणि उठून जाते. जेवायचंसुद्धा कधीकधी विसरते. चार मात्र विसरत नाही.

मित्रांनो, शाळेत तुम्हाला शिकवतात की जुन्या वस्तू जपाव्यात, त्यांच्यात आठवणी असतात. माझ्या जातीच्या इतर रेकॉर्ड तुम्हाला तेच सांगतील. धूळ बसू देऊ नका, बोटं लावू नका, उभी ठेवा. मला या सगळ्याचा लाभ झाला. माझ्याइतकी जपलेली रेकॉर्ड या शहरात दुसरी नसेल. अजून एक ओरखडा नाही माझ्यावर.

म्हणून माझी विनंती वेगळी आहे. गारखेड्यातल्या त्या घरात तुमच्यापैकी कोणी कधी पाहुणे म्हणून गेलात, आणि सरिताची पाठ वळली, तर मला उचला. कडेने धरायची गरज नाही, कसंही धरा. वर गच्चीवर घेऊन जा आणि पाण्याच्या टाकीवर मला विसरून या. मे महिना असेल तर उत्तम. इथलं दुपारचं ऊन माझ्यासारखीला पुरेसं असतं. तासाभरात मी मऊ पडेन, कडा लोंबतील, आठही गाणी एकमेकांत मिसळतील. मग कितीही हळुवार हाताने सुई टेकवली तरी ती घसरून पडेल.

त्या दिवशी चार वाजता त्या खोलीत काहीही वाजणार नाही. मग तिथे जे काही ऐकू येईल ते तसंच, झाकण न घालता, ऐकू येऊ द्या. खिडकी उघडी ठेवा.